मागच्या सीटवर कोण बसणार?



धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना बरे आणि वाईट यांतली निवड शिकवतो. दहा आज्ञा समोर ठेवल्या की ती निवड समजायला अवघड नसते. अवघड असते ती पाळायला. पण संसारात पडल्यावर कळते की घरातल्या पुष्कळशा निवडी बऱ्या-वाईटातल्या नसतातच. दोन्ही गोष्टी बऱ्या असतात. मुलीला सायन्सला घालावे की कॉमर्सला, जुने घर दुरुस्त करावे की गावाबाहेर नवे बांधावे, यांत पाप कुठेच नाही. तरी एक चांगली गोष्ट घेताना दुसरी चांगली गोष्ट सोडावी लागते आणि ती सोडताना मन अडते. अशा वेळी परमेश्वराला काय हवे आहे हे कसे ओळखायचे?

या प्रश्नावर मोठमोठ्या संतांनी लिहिले आहे. आम्ही साधे धर्मशिक्षक. म्हणून आमच्या घरातल्या साध्या उदाहरणावरूनच लिहितो. ते उदाहरण म्हणजे २०२४ साली आम्ही घेतलेली चारचाकी.

कुणी म्हणेल, गाडी हा काय प्रार्थनेचा विषय झाला? आमच्यासारख्या घरात स्वतःच्या घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे गाडी. दहा वर्षांची शिल्लक तिच्यात जाते आणि पुढच्या पाच वर्षांचे हप्ते डोक्यावर बसतात. एवढा मोठा निर्णय प्रार्थनेच्या बाहेर ठेवला, तर प्रार्थनेत उरते तरी काय?

त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकाच धाटणीच्या दोन गाड्या बाजारात आल्या. सिट्रोएन बसाल्ट ९ ऑगस्टला आली आणि टाटा कर्व्हची पेट्रोल-डिझेल गाडी २ सप्टेंबरला. दोन्ही मध्यम आकाराच्या आणि दोन्ही फास्टबॅक. फास्टबॅक म्हणजे ज्या गाडीचे छप्पर मागे एकदम खाली न उतरता पुढच्या काचेपासून शेपटीपर्यंत एकाच उतारात सरकत जाते ती. ही कल्पना काही आजची नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या टाट्रा कंपनीने १९३४ सालीच ७७ नावाची अशी गाडी काढली होती. वाऱ्याने गाडीवरून अडथळा न होता सरकावे, गाडीला ओढ कमी लागावी, हा त्यामागचा हेतू. शिवाय दिसायला ती सुंदर दिसते यात शंका नाही. उभी असतानाही पळत असल्यासारखी वाटते.

आमची लेक अकरावीत. तिचे मन पहिल्या दिवसापासून कर्व्हवर होते. तिने दोन्ही गाड्यांची माहिती वहीत दोन रकाने आखून लिहून काढली होती. कर्व्हची लांबी ४,३०८ मिलिमीटर, बसाल्टची ४,३५२. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर कर्व्हचे २,५६०, बसाल्टचे २,६५१. डिकी कर्व्हची ५०० लिटर, बसाल्टची ४७०. कर्व्हच्या सुरुवातीच्या पेट्रोल इंजिनाची ताकद १२० पीएस. बसाल्टच्या साध्या इंजिनाची ८२, टर्बो घेतले तर ११०. सहा एअरबॅग दोन्हींत सगळ्या श्रेणींना. घोषणेच्या वेळची किंमत कर्व्हची ९ लाख ९९ हजारांपासून पुढे, बसाल्टची ७ लाख ९९ हजारांपासून पुढे. कर्व्ह आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावची, बसाल्ट तमिळनाडूतल्या तिरुवल्लूरच्या कारखान्यातली. टाटांचे दुरुस्तीचे जाळे गावोगाव पसरलेले. सिट्रोएन ही फ्रान्सची जुनी कंपनी, पण भारतात तिने गाड्या विकायला २०२१ मध्येच सुरुवात केली.

बसाल्ट हे नाव आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचे. लेक हसत म्हणाली, "बघा, प्रभूनं खडकावर घर बांधायला सांगितलं होतं ना? मग हीच घ्या की!" चेष्टा होती ती, पण अशी चेष्टा खरी मानणारेही पुष्कळ असतात. बायबल डोळे मिटून उघडायचे, बोट पडेल ती ओवी म्हणजे देवाचे उत्तर. संत इग्नेशियस लोयोला यांच्या आत्मचरित्रात असाच एक प्रसंग आहे. तो आम्ही दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलांना नेहमी सांगतो. सन १५२२, नुकतेच मनपरिवर्तन झालेले इग्नेशियस खेचरावर बसून मोन्सेरातच्या तीर्थाला निघाले होते. वाटेत भेटलेला एक मूर माणूस पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी शंका बोलून पुढे गेला. त्याला गाठून खंजीर मारावा की सोडून द्यावे, हे इग्नेशियसना ठरेना. शेवटी त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर त्या माणसाच्या गावाच्या वाटेला वळले तर मारायचे, हमरस्त्याने गेले तर सोडायचे. खेचर हमरस्त्याने गेले आणि एक माणूस वाचला, एक संतही वाचला.

मुले हसतात. पण पुढचे सांगितले की गप्प होतात. खेचरावर निर्णय सोपवणाऱ्या याच माणसाने पुढे 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ लिहिला. १५४८ साली पोपनी त्याला मान्यता दिली. निवड कशी करावी याचा त्यातला भाग आजही जगभर साधनेसाठी वापरतात. देवाने आपल्याला लगाम दिला आहे तो सोडून देण्यासाठी नव्हे, हे इग्नेशियस स्वतः शिकले आणि त्यांनी जगाला शिकवले.

त्यांची रीत आम्ही गाडीसाठी वापरली. ती साधी आहे. पहिली पायरी म्हणजे आपण कशासाठी आहोत ते आठवायचे: देवाची स्तुती, सेवा आणि आत्म्याचे तारण. हाती असलेली वस्तू त्यासाठीचे साधन आहे, ती साध्य नव्हे. दुसरी पायरी म्हणजे तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे राहायचे, कोणत्याच पारड्याकडे आधीच झुकायचे नाही. तिसरी, देवाकडे प्रकाश मागायचा. चौथी, दोन्ही बाजूंचे लाभ आणि तोटे मांडायचे. पाचवी, बुद्धी कुठे झुकते ते पाहायचे. आणि शेवटी ठरलेली निवड प्रार्थनेत देवापुढे ठेवायची.

यातली दुसरी पायरी सर्वांत कठीण. मध्ये उभे कसे राहणार? डोळ्यांना कर्व्ह आवडलेली, आणि खिशाला बसाल्ट. म्हणून आम्ही प्रश्नच बदलला. कोणती गाडी चांगली, हा प्रश्न बाजूला ठेवला. ही गाडी कुणाकुणाला वाहून नेणार आणि तिचा भार कुणाकुणावर पडणार, हे आधी लिहून काढले.

पहिले नाव आईचे. आईचे वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे. त्या पावसाळ्यापासून तिचे रविवारच्या मिस्सेला येणे कमी झाले होते. विचारले की म्हणायची, "टीव्हीवर मिस्सा दिसतीय की. मी हितंच जपमाळ म्हणतो." बेळगावकडच्या बायका 'मी म्हणतो' असेच बोलतात. खरे कारण तिने नातीला सांगितले. आमच्या जुन्या छोट्या गाडीत मागे शिरताना मान वाकवायची, गुडघा दुमडायचा आणि उतरताना चर्चच्या दारात सगळ्यांसमोर दोघांनी धरून ओढून काढायचे, याची तिला लाज वाटत होती.

त्यात त्या वर्षी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. हा सोहळा दर दहा वर्षांनी येतो. आई लग्न झाल्यावर १९७४ च्या सोहळ्याला सासूबरोबर एसटीने गेली होती. पुढचा सोहळा येईल तेव्हा ती ८४ वर्षांची असेल. ती तोंडाने काही म्हणाली नव्हती. पण कॅलेंडरवर २१ तारखेभोवती पेन्सिलीने एक बारीक वर्तुळ काढलेले होते आणि ते आमच्यापैकी कुणी काढले नव्हते.

आता फास्टबॅकचा उतार आठवा. छप्पर जिथे खाली येऊ लागते, नेमके त्याखाली मागचा माणूस बसतो. बाहेरून बघणाऱ्याला जे सौंदर्य दिसते, त्याची किंमत मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरच्या जागेतून वळती होते. जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे छप्पर टोपीसारखे फुगलेले होते. दिसायला ती ठोकळा होती, पण धोतर-पागोटे घातलेला आजोबाही मागे ताठ बसून यायचा. फास्टबॅक बनवणाऱ्या कंपन्या सीट खाली घेऊन, पाठ थोडी कलती करून मागे जागा काढतात. ती कितपत निघाली हे कागदावर कळत नाही. ज्याला मागे बसायचे आहे त्याला बसवूनच कळते.

हे लक्षात आले तेव्हा आम्हाला संत लूककृत शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय आठवला. मेजवानीला आलेले पाहुणे मानाच्या जागा धरतात हे पाहून प्रभू त्यांना शेवटच्या जागी बसायला सांगतो. या उताऱ्यावर आपण नम्रतेचे प्रवचन ऐकतो आणि ते योग्यच आहे. पण त्याला एक दुसरी बाजूही आहे. शेवटच्या जागी बसायचे तर ती जागा कशी आहे हे आपल्याला कळते. पुढे बसणाऱ्याला मागच्या सीटचा त्रास ठाऊक नसतो, कारण तो तिथे कधी बसलेलाच नसतो.

म्हणून एका शनिवारी आम्ही दोन्ही शोरूममध्ये आईला घेऊन गेलो. विक्रेता चालवणाऱ्याला पुढे बोलावत होता. आम्ही पती-पत्नी दोघेही आळीपाळीने मागे बसलो आणि आईला मागे बसवून अर्धा तास फिरवून आणले. दोन्ही गाड्यांत शिरताना डोके थोडे वाकवावे लागलेच. उतार म्हटला की ते आलेच. बसाल्टच्या चाकांमधले ९१ मिलिमीटर जास्तीचे अंतर मात्र आईच्या गुडघ्यांना कळले. पाय जरा पसरून बसता आले. उतरताना ती दरवाजाची कड धरून स्वतः उतरली, आमचा हात न घेता.

एवढ्यावरच निवड झाली असती तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत एनकॅपचे निकाल आले. गाडी ठोकरून तिची सुरक्षितता तपासायची ही आपल्या देशाची पद्धत ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. कर्व्हला पाच तारे मिळाले: मोठ्यांच्या संरक्षणात ३२ पैकी २९.५०, मुलांच्या संरक्षणात ४९ पैकी ४३.६६. बसाल्टला चार तारे: मोठ्यांसाठी ३२ पैकी २६.१९, मुलांसाठी ४९ पैकी ३५.९०.

त्या रात्री जेवताना घरात जे झाले ते आम्ही विसरणार नाही. ज्या लेकीला कर्व्ह हवी होती, तीच म्हणाली, "बसाल्टच घेऊया. आजी स्वतः उतरली ना त्यातून. तिला गोव्याला जायचंय." आणि जिला बसाल्टमध्ये पाय पसरता आले होते, ती आई म्हणाली, "नको नको. पोरीसाठी पाच तारेवाली घ्या. माझं काय, चार दिवस राहिलेत. तिचं सगळं आयुष्य पुढं आहे." दोघी हट्टाला पेटल्या. लाभ-तोट्यांची आमची यादी तशीच राहिली. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी मत देत होता आणि काटा हलत नव्हता.

आम्हाला वाटते, परमेश्वराचे उत्तर अर्ध्याहून अधिक त्या जेवणातच मिळाले होते. गाडी कोणतीही आली असती तरी ती घरात भांडण घेऊन येणार नव्हती. पण गाडी तर एकच घ्यायची होती.

आम्ही ताऱ्यांचा नीट विचार केला. ही चाचणी पाहते ती पुढे बसलेल्या मोठ्या माणसांच्या आकाराच्या आणि मागे बाळाच्या खुर्चीत बसवलेल्या दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या आकाराच्या पुतळ्यांचे संरक्षण. ज्यांच्या घरात तान्ही मुले आहेत त्यांनी ४३ आणि ३५ या आकड्यांतला फरक अजिबात सोडू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. आमच्या घरात तेवढे लहान मूल नाही. मागे बसणार आई आणि सोळा वर्षांची मुलगी. त्यांच्यासाठी पहिले संरक्षण म्हणजे मागचा सीटबेल्ट. तो कायद्याने बंधनकारक आहे आणि आपल्याकडे तो कुणीच लावत नाही. चार तारे ही लहान गोष्ट नव्हे, आणि बेल्ट न लावणाऱ्याला पाच तारेही पुरत नाहीत. तरीही तो एक तारा आमच्या मनातून पूर्ण गेला नाही, हेही खरे.

मग त्याच १४ व्या अध्यायाचा पुढचा भाग आम्ही उघडला. तिथे प्रभू बुरूज बांधणाऱ्या माणसाविषयी बोलतो. पाया घालण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणारा तो माणूस. शेवटची जागा आणि खर्चाचा हिशेब एकाच अध्यायात यावेत, हे आमच्या आधी कधी लक्षात आले नव्हते. त्या रात्री आम्हीही बसलो.

गाडीची शोरूममधली किंमत ही खरी किंमत नव्हे. चार मीटरपेक्षा लांब असलेल्या या वर्गातल्या गाडीच्या किमतीत तेव्हा २८ टक्के जीएसटी आणि १७ टक्के उपकर आधीच मिळवलेला असे. (२२ सप्टेंबर २०२५ पासून त्या जागी सरळ ४० टक्के आहे; आता घेणाऱ्यांनी तसा हिशेब करावा.) त्यावर कर्नाटकाचा आजीवन रस्ता कर. पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, दहाच्या वर वीस लाखांपर्यंत १७ टक्के, आणि वर थोडा उपकर. म्हणजे दहा लाखांच्या जरा आतल्या गाडीला सुमारे १ लाख ४० हजार आणि साडेदहा लाखांच्या गाडीला १ लाख ७८ हजार ५००. गाडी पन्नास हजारांनी वाढली की कर जवळजवळ चाळीस हजारांनी वाढतो. दहा लाखांच्या या रेषेच्या आत कर्व्हची पहिलीच श्रेणी बसत होती. बसाल्टची पहिलीच्या वरची श्रेणीही बसत होती.

लेकीला आणि खरे तर आम्हालाही आवडलेली कर्व्ह रेषेच्या पलीकडे होती. कर धरून फरक दीड लाखाच्या आसपास. ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी दीड लाखाचा हप्ता महिना ३,११४ रुपये. विक्रेता म्हणाला, "सर, पाचाऐवजी सात वर्षं करा, हप्ता जाणवणारच नाही." घरी येऊन मोजले. सहा लाखांच्या कर्जाला पाच वर्षांचा हप्ता १२,४५५, सात वर्षांचा ९,६५३. हप्ता कमी होतो खरा. पण व्याज १ लाख ४७ हजारांवरून २ लाख ११ हजारांवर जाते. जाणवत नाही म्हणजे लागत नाही असे नव्हे.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही यावर आम्ही बराच विचार केला, कारण उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये असे प्रभूचे सांगणे आहे. पण आमच्या हिशेबात तोच आकडा निर्णायक ठरला. तो झाकला तर बाकीचा हिशेब खोटा ठरेल. आमच्या घरातून दरमहा ३,००० रुपये एका मुलाच्या वसतिगृहाच्या खर्चासाठी जातात. त्याची बारावी होईपर्यंत द्यायचे असे आम्ही कबूल केले आहे. त्याला ते कुठून येतात हे ठाऊक नाही.

३,११४ आणि ३,०००. दोन आकडे वहीत एकाखाली एक आले आणि आम्ही दोघेही थांबलो. मागच्या सीटचा विचार करता करता जो गाडीत बसणारच नाही, त्याच्या डोक्यावर आमच्या गाडीचे छप्पर खाली येत होते.

असे वाटेल की दोन्ही जमवता आले असते. कदाचित आलेही असते, लोक जमवतात. पण आमच्या पगारात नवा हप्ता कुठून तरी निघणार होता. घरातला किराणा कमी होत नाही आणि मुलीची फी कमी होत नाही. पहिल्यांदा बंद होते ते कुणी मागायला येत नाही ते देणे. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०१३ मध्ये सेमिनारियन आणि नवदीक्षित यांच्याशी बोलताना नव्या, भारी मॉडेलच्या गाडीचा मोह झाला तर उपाशी मुलांची आठवण करा, अशा अर्थाचे सांगितले होते. ते बोलणे धर्मगुरू आणि धर्मभगिनींसाठी होते म्हणून आपण प्रापंचिकांनी सुटायचे का? ते स्वतः २०१५ मध्ये अमेरिकेला गेले तेव्हा मोठमोठ्या काळ्या गाड्यांच्या ताफ्यात एका छोट्या फियाटमध्ये मागे बसले होते. गाडी घ्यायला त्यांनी बंदी केली नव्हती. गाडीच्या खिडकीतून कोण दिसते ते बघा, एवढेच त्यांचे मागणे होते.

तरी संत इग्नेशियसच्या दोन कसोट्या आम्ही लावून पाहिल्या. पहिली: कधी न पाहिलेला एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल? आम्ही सांगितले असते, "दादा, म्हाताऱ्या आईला नीट बसता येईल आणि दिलेला शब्द मोडणार नाही ती घ्या." दुसरी: मरणाच्या घटकेला मागे वळून पाहताना आपण काय केलेले असावे असे वाटेल? त्या घटकेला १२० पीएस आठवणार नाहीत. आठवेल ते कॅलेंडरवरचे पेन्सिलीचे वर्तुळ. उत्तर इतके लख्ख आले की हे आधीच का विचारले नाही, असे लेकच म्हणाली.

आम्ही बसाल्ट घेतली, साध्या इंजिनाची, दहा लाखांच्या आतली, पाच वर्षांच्या कर्जावर. काय सोडले तेही लिहितो, म्हणजे हिशेब पुरा होईल. एक तारा सोडला. घाटातली ताकद सोडली. चोर्ल्याच्या वळणांवर ट्रकच्या मागे आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये निवांत चढतो. गावोगावचे गॅरेज सोडले. आणि लेकीची आवड सोडली. ती तिने स्वतः सोडली, म्हणून ते तिचे अर्पण, आमचे नव्हे. दोन चांगल्या गोष्टींतून एक घेतली की दुसरी वाईट होत नाही. आमच्या धर्मग्रामातल्या एका तरुण जोडप्याने नुकतीच कर्व्ह घेतली. त्यांना वर्षाचे बाळ आहे. त्यांच्या घराला तीच योग्य.

शेवटची पायरी होती ती निवड देवापुढे ठेवण्याची. फादरांनी मिस्सेनंतर गाडीवर पवित्र जल शिंपडले. प्रार्थनेआधी त्यांनी विचारले, "ही गाडी कुणाची म्हणून आशीर्वाद मागू?" आम्ही काही बोलण्याआधीच लेक म्हणाली, "आजीची."

डिसेंबरात आम्ही जुन्या गोव्याला गेलो. से कॅथेड्रलच्या रांगेत आई नातीच्या खांद्यावर हात ठेवून चालली. बोलली फार नाही. परत येताना मागच्या सीटवर ती १९७४ ची एसटी, सासूने बांधून दिलेल्या दशम्या, वाटेत लागलेली उलटी हे सगळे नातीला सांगत होती. आम्ही पुढे बसून ऐकत होतो. आता रविवारी आमच्या गाडीत आईबरोबर शेजारच्या गल्लीतल्या आणखी दोन आज्या असतात. तिघी मागे बसतात. बेल्ट लावून घेताना दोघी अजून कुरकुरतात. आई त्यांना दटावते.

तुमच्या घरात अशी निवड चालू असेल, मग ती गाडीची असो, घराची असो, नोकरीची असो, तर आम्ही तीनच गोष्टी सुचवतो. ज्याचे मत कुणी विचारत नाही त्याला त्या वस्तूत आधी बसवून बघा. सगळा खर्च कागदावर लिहा. जो आपोआप कापला जातो तोही. आणि त्या कागदावर एक ओळ अशा माणसासाठी ठेवा जो तुमच्या गाडीत बसणार नाही, पण तुमच्या हप्त्याचा भार ज्याच्यावर पडू शकतो. यानंतर जे ठरेल ते घ्या आणि निश्चिंत मनाने घ्या. देवाला आपला आनंद नको असतो असे नाही.

हे प्रभू येशू, तू पायी चाललास, मच्छीमारांच्या होडीत बसलास आणि यरुशलेमात प्रवेश करताना उसने आणलेल्या शिंगराच्या पाठीवरून आलास. आमच्या घरातल्या लहान-मोठ्या निवडींत आम्हाला मोकळे मन दे. जे आमच्या मागे बसतात त्यांची आठवण दे. जे रस्त्याच्या कडेला उभे आहेत त्यांच्यासाठी आमचा पाय ब्रेकवर ठेव. आमच्या वाहनांना आणि त्यांतून जाणाऱ्या सर्वांना सुखरूप घरी पोहोचव. आमेन.